बाहेरून कॉल लागतो, पण आवाज येत नाही : एज सर्व्हर पुन्हा बसवण्यापूर्वी

प्रश्न थोडक्यात असा आहे. सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीमधील टॉवेलच्या एका कारखान्यात स्काइप फॉर बिझनेस सर्व्हर २०१९ ही मायक्रोसॉफ्टची मेसेज, कॉल आणि मीटिंगची प्रणाली चालते. मुख्य काम करणारा फ्रंट एंड सर्व्हर आत आहे आणि बाहेरच्यांना आतल्यांशी जोडणारा एक एज सर्व्हर डीएमझेडमध्ये, म्हणजे आतले नेटवर्क आणि इंटरनेट यांच्या मधल्या राखीव पट्ट्यात, आहे. कारखान्याच्या आत मेसेज, कॉल, मीटिंग सगळे सुरळीत चालते. पुणे-मुंबईकडे फिरणाऱ्या विक्री प्रतिनिधींना साइन-इन करता येते, मेसेज येतात-जातात, कॉलची रिंगही वाजते. मात्र कॉल उचलला की आठ-दहा सेकंद ‘जोडत आहे’ असे दिसते आणि कॉल तुटतो. हैदराबादच्या एका ग्राहक कंपनीशी फेडरेशन, म्हणजे दोन कंपन्यांच्या प्रणालींची थेट जोडणी, तर मुळीच होत नाही. प्रश्नकर्त्याने एज सर्व्हर चार वेळा काढून पुन्हा बसवला आहे आणि पाचव्यांदा बसवण्याआधी विचारले आहे की नेमके चुकते कुठे?

पाचव्यांदा बसवू नका. तुमच्या वर्णनातच निम्मे निदान झालेले आहे. बाहेरच्या माणसाला साइन-इन करता येते, याचा अर्थ बाहेरचे सर्टिफिकेट (सर्व्हरची ओळख पटवणारा डिजिटल दाखला), सार्वजनिक डीएनएस (नावावरून पत्ता सांगणारी यादी), त्या सेवेचे ४४३ पोर्ट (पत्त्यावरचे क्रमांकाचे दार), एजपासून फ्रंट एंडपर्यंतचा ५०६१ चा रस्ता आणि बाहेरून येण्याची परवानगी देणारी पॉलिसी या सगळ्या गोष्टी जागेवर आहेत. सॉफ्टवेअर नव्याने बसवून जे दुरुस्त होऊ शकते, ते तुमच्याकडे आधीच दुरुस्त आहे. स्काइप फॉर बिझनेसची पूर्वज असलेल्या लिंक सर्व्हर २०१० च्या काळापासून मी ही कामे करत आलो आहे आणि माझा अनुभव असा की एज सर्व्हरचा बिघाड क्वचितच प्रोग्राममध्ये असतो. त्या मशीनला स्वतःचा पत्ता काय वाटतो आणि बाहेरच्या जगाला तो काय दिसतो, या दोहोंतल्या फरकात तो बहुतेक वेळा सापडतो.

एज सर्व्हर म्हणजे एक सेवा नाही. एकाच मशीनवर नांदणाऱ्या तीन स्वतंत्र सेवा आहेत. ॲक्सेस एज साइन-इन, मेसेज आणि फेडरेशनचे सिग्नलिंग (जोडणी जुळवणारे निरोप) सांभाळतो. वेब कॉन्फरन्सिंग एज मीटिंगमधील व्हाइटबोर्डसारख्या गोष्टी पोहोचवतो. ए/व्ही एज प्रत्यक्ष आवाज आणि चित्र वाहून नेतो. तिघांचे पत्ते किंवा पोर्ट वेगळे असतात आणि दुखणीही वेगळी असतात. रिंग वाजते ती ॲक्सेस एजच्या कृपेने, आणि आवाज यायचा असतो तो ए/व्ही एजमधून. त्यामुळे ‘रिंग जाते म्हणजे एज चालू आहे’ हे वाक्य ज्यांच्या तोंडून येते, त्यांना मी आधी कोणता एज असे विचारतो. तुमचा ॲक्सेस एज ठणठणीत आहे. आपल्याला ए/व्ही एज पाहायचा आहे.

कॉल उचलल्यानंतरच्या त्या आठ-दहा सेकंदांत काय घडते, ते समजून घेतल्याशिवाय पुढचे कळणार नाही. कॉल जुळवतानाच दोन्ही बाजूंचे क्लायंट, म्हणजे वापरणाऱ्यांच्या संगणकांवरचे स्काइपचे प्रोग्राम, एकमेकांना आपापल्या पत्त्यांची यादी पाठवतात. या पद्धतीला आइस म्हणतात आणि ती आरएफसी ५२४५ या इंटरनेटच्या मानक दस्तऐवजात २०१० साली नोंदली गेली. पुढे २०१८ मध्ये आरएफसी ८४४५ ने तिची जागा घेतली. यादीत साधारण तीन प्रकारचे पत्ते असतात. पहिला म्हणजे लॅपटॉपचा स्वतःचा पत्ता. दुसरा म्हणजे घरच्या किंवा हॉटेलच्या राउटरने बाहेर जाताना दिलेला पत्ता, जो स्टन या पद्धतीने कळतो. तिसरा म्हणजे रिलेचा, म्हणजे मधल्या पोहोचवणाऱ्याचा, पत्ता, जो ए/व्ही एज आपल्यातर्फे उधार देतो. ही टर्न पद्धत. दोन्ही बाजू या पत्त्यांच्या जोड्या लावून पाहतात आणि जी जोडी जुळते, तिच्यावरून आवाज सुरू होतो. एकही जोडी जुळली नाही, तर कॉल तुटतो. तुमच्याकडे नेमके हेच होते आहे.

आता ए/व्ही एजने उधार दिलेला पत्ताच चुकीचा असेल तर? आपल्याकडे माल पाठवताना बिल्टीवर ‘गोडाऊन क्रमांक तीन’ एवढेच लिहिले, तर कारखान्यातल्या हमालाला ते पुरेसे असते, पण भिवंडीहून निघालेल्या ट्रक ड्रायव्हरला त्याचा काही उपयोग नसतो. डीएमझेडमधला १९२.१६८ ने सुरू होणारा पत्ता असाच असतो : आतल्यांना अर्थपूर्ण, बाहेरच्यांना निरुपयोगी.

म्हणून सर्वप्रथम पुढील तपासणी करा. तिला पंधरा मिनिटे पुरतात. एका लॅपटॉपला मोबाइल डेटाचा हॉटस्पॉट जोडा आणि कारखान्याच्या गेटबाहेर जाऊन बसा, चहाच्या टपरीवर बसलात तरी चालेल. कारखान्याच्या गेस्ट वायफायवरून ही तपासणी करू नका, कारण तिथले पॅकेट, म्हणजे डेटाचे तुकडे, कारखान्याच्याच फायरवॉलच्या पोटातून फिरून येतात आणि निष्कर्ष हमखास फसवा निघतो. क्लायंटमध्ये लॉगिंग पूर्ण चालू करा, आतल्या सहकाऱ्याला कॉल लावा, तो तुटू द्या. मग ट्रेसिंग फोल्डरमधील यूसीसीएपीआय लॉग स्नूपर या लॉग वाचणाऱ्या प्रोग्राममध्ये उघडा आणि इन्व्हाइट (कॉलचे निमंत्रण) संदेशाच्या खालचा एसडीपीचा, म्हणजे आवाजाच्या जोडणीच्या तपशिलाचा, भाग शोधा. तिथे ‘कँडिडेट’ या शब्दाने सुरू होणाऱ्या ओळी एकाखाली एक दिसतील. प्रत्येक ओळीत क्रमाने एक खूणक्रमांक, मग १ किंवा २ हा आकडा, यूडीपी की टीसीपी (पॅकेट नेण्याच्या दोन पद्धती), एक भलामोठा प्राधान्याचा आकडा, त्यानंतर पत्ता, पोर्ट आणि शेवटी प्रकार असतो. प्रकार ‘रिले’ आहे अशा ओळींवर बोट ठेवा आणि तिथला पत्ता वाचा.

उदाहरणादाखल समजा की तुमच्या ए/व्ही एजचा डीएमझेडमधला पत्ता १९२.१६८.५०.१३ आहे आणि लीज्ड लाइनवरचा (राखीव इंटरनेट जोडणीवरचा) सार्वजनिक पत्ता २०३.०.११३.१३ आहे. रिलेच्या ओळीत २०३.०.११३.१३ दिसायला हवा. तिथे १९२.१६८.५०.१३ दिसत असेल, तर आजार सापडला. तुमची तक्रार वाचून माझा पहिला संशय हाच आहे.

याचे कारण असे की फायरवॉलवर नॅट, म्हणजे आतला पत्ता बदलून बाहेरचा लावण्याची सोय, लावल्याने एज सर्व्हरला त्याचा सार्वजनिक पत्ता आपोआप कळत नाही. तो त्याला सांगावा लागतो. टोपोलॉजी बिल्डर या सर्व्हरची मांडणी ठरवणाऱ्या प्रोग्राममध्ये एज पूलच्या (एज सर्व्हरच्या गटाच्या) गुणधर्मांत ‘या पूलचा पत्ता नॅटने बदलला जातो’ अशा अर्थाची एक खूण आहे आणि तिच्याबरोबर ए/व्ही एजचा सार्वजनिक आयपीव्ही४ पत्ता भरायची जागा आहे. पुष्कळ वेळा ही खूण केलेली नसते, किंवा केलेली असते पण तिथे ॲक्सेस एजचा सार्वजनिक पत्ता भरलेला असतो. तिथे ए/व्ही एजचाच पत्ता हवा. तीन सेवांना तीन पत्ते दिलेले असताना ही गल्लत सहज होते, आणि ती करणारा माणूस निष्काळजीच असतो असे नाही, कारण स्क्रीनवर ते तिन्ही पत्ते एकाच ठशाचे दिसतात.

दुरुस्ती केल्यावर टोपोलॉजी, म्हणजे ही मांडणी, पब्लिश करा. पण पब्लिश केले म्हणजे एजला कळले, असे समजू नका. एज सर्व्हर कंपनीच्या डोमेनमध्ये (आतल्या संगणकांच्या एकत्रित व्यवस्थेत) नसतो आणि तो मध्यवर्ती डेटाबेस स्वतःहून वाचत नाही. फ्रंट एंडकडील मुख्य सेवा एजच्या आतल्या पत्त्यावरील ४४४३ पोर्टवर बदल ढकलते. ते पोर्ट आतल्या फायरवॉलवर बंद असेल, तर तुम्ही कितीही वेळा पब्लिश करा, एज आपल्या जुन्याच समजुतीवर ठाम राहतो. फ्रंट एंडवर ‘गेट-सीएसमॅनेजमेंटस्टोअररेप्लिकेशनस्टेटस’ ही आज्ञा चालवा. एजच्या नावापुढे ‘अपटूडेट’ या रकान्यात ‘ट्रू’ यायला हवे. ‘फॉल्स’ असेल, तर बाकी सगळे बाजूला ठेवून आधी ४४४३ चा रस्ता मोकळा करा आणि रेप्लिकेशन (बदलांची प्रत एजकडे पोहोचवणे) पुन्हा चालवा.

इथे तुम्हाला एक प्रश्न विचारतो. चारही वेळा एज बसवताना फ्रंट एंडवरून एक्सपोर्ट केलेली मांडणीची झिप फाइल नवी घेतली होती, की पहिल्या दिवशी पेन ड्राइव्हवर घेतलेली तीच वापरली? जुनी वापरली असेल, तर चारही वेळा तुम्ही तीच चूक मोठ्या निष्ठेने पुन्हा बसवली आहे. हे कुचेष्टेने म्हणत नाही. मी स्वतः एकदा हे केलेले आहे, आणि पेन ड्राइव्हवरच्या फाइलची तारीख पाहायला मला संध्याकाळ झाली होती.

जाता जाता, ४४४३ या आकड्याने आणखी एक घोळ होतो. रिव्हर्स प्रॉक्सी हा मध्यस्थ सर्व्हर बाहेरून ४४३ वर आलेली वेब मागणी फ्रंट एंडच्या ४४४३ वर पोहोचवतो. ते ४४४३ वेगळे आणि एजच्या रेप्लिकेशनचे ४४४३ वेगळे. पहिले फ्रंट एंडवर ऐकते, दुसरे एजवर. फायरवॉल सांभाळणाऱ्याला नुसते ‘४४४३ उघडा’ असे सांगितले, तर तो एकच नियम लिहून मोकळा होतो. नेहमी कुठून, कुठे आणि कोणत्या दिशेने हे तिन्ही लिहून द्या.

लॉगमध्ये दुसरीही एक शक्यता दिसू शकते : रिलेची ओळच नाही. अशा वेळी पत्त्याच्या मागे लागण्यात अर्थ नसतो, कारण क्लायंटला रिले मागण्याचे ओळखपत्रच मिळालेले नाही. हे ओळखपत्र साइन-इन झाल्यावर क्लायंट फ्रंट एंडमार्फत मागतो आणि फ्रंट एंड ते एजच्या आतल्या पत्त्यावरील ५०६२ पोर्टवरून आणून देतो. फ्रंट एंडवरून टेस्ट-नेटकनेक्शन ही आज्ञा लावून ५०६२ उघडे आहे का ते पाहा. त्याच बैठकीत ५०६१, ४४३, ८०५७ आणि ४४४३ ही पाहून टाका. पाचही टीसीपी आहेत, त्यामुळे ही तपासणी विश्वासार्ह आहे. त्याबरोबर एजच्या घड्याळाकडे एक नजर टाका. एज डोमेनबाहेर असल्यामुळे त्याला डोमेन कंट्रोलरकडून वेळ मिळत नाही, आणि त्याची वेळ स्वतंत्रपणे एखाद्या एनटीपी (वेळ पुरवणाऱ्या) सर्व्हरशी जुळवून दिलेली नसेल, तर ती हळूहळू सरकत जाते. ही ओळखपत्रे ठरावीक मुदतीची असतात आणि सर्टिफिकेटची वैधताही वेळेवरच ठरते, त्यामुळे सरकलेले घड्याळ असे बिघाड घडवते की ज्यांचा वेळेशी काही संबंध असेल असे वरकरणी वाटतच नाही.

तिसरी शक्यता मला सर्वांत जास्त छळून गेलेली आहे, म्हणून तिच्यावर थोडा रेंगाळतो. रिलेचा पत्ता बरोबर आहे, ओळखपत्र मिळते आहे, काही लोकांचा आवाज येतो आणि काहींचा येत नाही. एज सर्व्हरला दोन नेटवर्क कार्ड असतात, एक बाहेरच्या डीएमझेडकडे आणि एक आतल्या नेटवर्ककडे, आणि दोन्ही वेगवेगळ्या सबनेटमध्ये (नेटवर्कच्या उपभागांत) असावी लागतात. डीफॉल्ट गेटवे (वाट माहीत नसलेले पॅकेट जिकडे पाठवायचे तो पत्ता) फक्त बाहेरच्या कार्डावर द्यायचा असतो. आतल्या कार्डावर गेटवेची जागा रिकामी ठेवायची आणि आतल्या प्रत्येक सबनेटकडे जाणारा कायमचा रूट (वाट दाखवणारी नोंद) हाताने लिहायचा. दोन्ही कार्डांवर गेटवे देणे ही नवशिक्यांची चूक असते. अनुभवी माणसांची चूक रूट लिहायला विसरण्याची असते.

एका कारखान्यात आम्ही एज बसवला, सगळे तपासले आणि वर्षभर काही तक्रार आली नाही. नंतर तिथे नवी शेड उभी राहिली. शेडमधल्या पॅकिंग विभागासाठी नेटवर्कवाल्याने १०.२०.३० ने सुरू होणारा नवा व्हीलॅन (वेगळा आतला सबनेट) काढला. आतल्या आत सगळे चालत होते. पॅकिंगमधून बाहेरच्या प्रतिनिधीला कॉल लावला की मात्र दोन्हीकडे शांतता. जुन्या ऑफिसमधून लावला की आवाज स्वच्छ. दीड दिवस आम्ही फायरवॉलचे लॉग चाळले, क्लायंट बदलले, हेडसेटसुद्धा बदलून पाहिले. शेवटी एजवर ‘रूट प्रिंट’ लिहिले आणि ती यादी वरपासून खालपर्यंत वाचली. १०.२०.१० होता, १०.२०.२० होता, १०.२०.३० नव्हता. पॅकिंगमधून आलेल्या पॅकेटचे उत्तर एज इमानेइतबारे डीफॉल्ट गेटवेला, म्हणजे थेट इंटरनेटच्या दिशेला पाठवत होता आणि ते तिथेच विरत होते. एका ओळीचा रूट लिहिला आणि काम झाले. तेव्हापासून आतला प्रत्येक सबनेट वेगळा लिहिण्याऐवजी, जिथे पत्त्यांची आखणी परवानगी देते तिथे, १०.०.०.० चा संपूर्ण पट्टा आतल्या राउटरकडे वळवून टाकतो. मात्र रूट लिहिताना ‘-पी’ हा पर्याय द्यायला विसरू नका; तो नसेल तर मशीन पुन्हा सुरू झाल्यावर रूट नाहीसा होतो. उन्हाळ्यात वीज गेली आणि यूपीएसने दम टाकला की हा विसर नेमका उघडा पडतो.

आतल्या क्लायंटना एजच्या आतल्या पत्त्यापर्यंत थेट, नॅट न होता पोहोचता आले पाहिजे. बाहेरच्या बाजूला एकटा एज असताना नॅट चालतो. आतल्या बाजूला तो चालत नाही. काही ठिकाणी डीएमझेडकडे जाणाऱ्या प्रत्येक गोष्टीला फायरवॉल स्वतःचा पत्ता लावतो, तो नियम एजपुरता काढून टाकावा लागतो.

आता इंटरनेटच्या लाइनविषयी. आपल्याकडे बहुतेक कारखान्यांत दोन लाइन असतात, एक लीज्ड लाइन आणि एक ब्रॉडबँड, कारण रस्ता खोदला की फायबर तुटणार हे सर्वांनी गृहीत धरलेले आहे. फायरवॉलवर दोन्ही लाइनमध्ये भार वाटून देण्याची सोय चालू केलेली असते. ब्राउझिंगसाठी ती चांगली आहे. एजसाठी ती घातक आहे. बाहेरचे पॅकेट लीज्ड लाइनच्या पत्त्यावर येते आणि एजचे उत्तर ब्रॉडबँडच्या पत्त्यावरून निघते. समोरचा राउटर ते अनोळखी समजून टाकून देतो. कॉल कधी लागतो, कधी लागत नाही, आणि त्यात कोणताही क्रम दिसत नाही, अशी तक्रार असेल तर मी आधी हेच पाहतो. एजच्या प्रत्येक बाहेरच्या पत्त्याला लीज्ड लाइनवरील एकच ठरलेला सार्वजनिक पत्ता येण्यासाठी आणि जाण्यासाठी, दोन्ही दिशांना बांधून द्या आणि भारवाटपातून एज वगळा. ब्रॉडबँडवर एज हलवण्याचा विचारही करू नका; अशा अनेक जोडण्यांवर १००.६४ पासून सुरू होणारा, सेवादात्याच्याच नॅटमागचा पत्ता मिळतो आणि त्यावर बाहेरून कोणी पोहोचू शकत नाही.

पत्ते किती लागतात, हा हिशेब आधी करा. लीज्ड लाइनबरोबर बहुधा /२९ चा गट मिळतो. त्यात आठ पत्ते असतात, पहिला आणि शेवटचा वजा जाऊन सहा वापरता येतात आणि एक सेवादात्याच्या राउटरला जातो. उरलेल्या पाचांत तीन एजला, एक रिव्हर्स प्रॉक्सीला आणि एक बाकी सगळ्या वापरासाठी असे बसते. एकाच पत्त्यावर तिन्ही सेवा चालवण्याची सोय आहे, पण मग ए/व्ही एजला ४४३ मिळते आणि ॲक्सेस एज ५०६१ वर, वेब कॉन्फरन्सिंग ४४४ वर ढकलले जाते. हॉटेलच्या आणि ग्राहकाच्या ऑफिसातल्या नेटवर्कवर हे दोन पोर्ट पुष्कळदा बंद असतात, त्यामुळे प्रतिनिधी घरून जोडला जातो आणि नेमका ग्राहकासमोर बसल्यावर जोडला जात नाही. तीन पत्ते मिळत असतील, तर तिन्ही घ्या आणि तिन्ही ४४३ वर ठेवा.

ए/व्ही एजचे पोर्ट ३४७८ हे यूडीपी आहे आणि त्यावरून होणारा गैरसमज मी दर काही महिन्यांनी ऐकतो. कोणीतरी बाहेरून ३४७८ वर टेलनेट लावतो, ते लागत नाही आणि ‘पोर्ट बंद आहे’ असा निर्वाळा देतो. टेलनेट टीसीपीवर चालते. यूडीपी पोर्टची परीक्षा त्याने होत नाही. त्याऐवजी एजच्या बाहेरच्या कार्डावर वायरशार्क (पॅकेट पाहण्याचा प्रोग्राम) लावा, ३४७८ ची गाळणी द्या आणि गेटबाहेरच्या लॅपटॉपवरून कॉल करायला सांगा. पॅकेट येतच नसेल, तर अडथळा एजच्या अलीकडे बाहेर कुठेतरी आहे. पॅकेट येते, उत्तर निघते, पण क्लायंटला मिळत नाही, तर परतीचा नियम किंवा भारवाटप पाहा. पॅकेट येते आणि उत्तरच निघत नाही, तर ए/व्ही सेवा चालू आहे का ते पाहा. ३४७८ बंद असले, तरी कॉल पूर्ण बंद पडेलच असे नाही. आवाज टीसीपी ४४३ वरून जाऊ लागतो, पण तुटक आणि उशिरा पोहोचणारा होतो. कॉल लागतो पण ‘पाण्यातून बोलल्यासारखे’ ऐकू येते, असे प्रतिनिधी म्हणू लागले तर हे आठवा.

पोर्ट ५०००० ते ५९९९९ ही रांग सगळीकडून सगळीकडे उघडा, असे सांगणारे अजून भेटतात. बाहेरून आत येण्यासाठी ती रांग उघडण्याची गरज ऑफिस कम्युनिकेशन्स सर्व्हर २००७ ही लिंकच्याही आधीची आवृत्ती वापरणाऱ्या भागीदारांशी फेडरेशन करताना पडत असे. आज तुम्हाला असा भागीदार भेटणे अवघड आहे. ए/व्ही एजकडून बाहेर जाण्यासाठी मात्र ती मोकळी ठेवा. दहा हजार पोर्ट आतल्या दिशेने उघडले तर फायरवॉल असून नसल्यासारखाच.

लहान यूटीएम (अनेक सुरक्षा सोयी एकत्र असलेल्या) फायरवॉलमध्ये यूडीपीचा पूर अडवणारी एक सोय असते, तीही तपासा. आवाजाचे पॅकेट साधारण २० मिलिसेकंदांचे असते, म्हणजे एका कॉलला एका दिशेने सेकंदाला ५० पॅकेट लागतात. वीस जण एकाच वेळी बोलत असले, की सेकंदाला हजार पॅकेट झाली. फायरवॉलला हा हल्ला वाटतो आणि तो पॅकेट टाकू लागतो. सकाळी दोन-चार कॉल असताना सगळे नीट आणि अकराच्या विक्री बैठकीत सगळ्यांचा आवाज एकदम तुटतो, हे त्याचे ओळखीचे रूप.

हैदराबादच्या फेडरेशनचा प्रश्न आवाजाशी संबंधित नाही; तो पुन्हा ॲक्सेस एजचा आहे, आणि दोन्ही दुखणी एकाच मशीनवर दिसतात म्हणून ती एकच समजू नका. साइन-इन ४४३ वर होते, फेडरेशन ५०६१ वर होते आणि ते दोन्ही दिशांनी उघडे लागते. पुष्कळ ठिकाणी ते येण्यासाठी उघडलेले असते, जाण्यासाठी नसते. दुसरे म्हणजे सार्वजनिक डीएनएसमध्ये ‘_सिपफेडरेशनटीएलएस._टीसीपी’ हा एसआरव्ही रेकॉर्ड (सेवा कुठे आहे ते सांगणारी नोंद) तुमच्या सिप डोमेनसाठी, म्हणजे वापरणाऱ्यांच्या पत्त्यातल्या @ नंतरच्या नावासाठी, असला पाहिजे, आणि तो ज्या नावाकडे बोट दाखवतो ते नाव त्याच डोमेनमधले आणि सर्टिफिकेटमध्ये नोंदलेले असले पाहिजे. बाहेरच्या सर्टिफिकेटवर तारा (*) वापरून सगळी नावे एकदम झाकण्याचा मोह टाळा. एजवर अशा वाइल्डकार्ड सर्टिफिकेटला मान्यता नाही. तिसरे, एजला बाहेर ८० पोर्टवर जाऊ द्या, कारण समोरच्याचे सर्टिफिकेट रद्द झालेले नाही ना हे तो तिथून तपासतो.

हे सगळे जागेवर असूनही फेडरेशन होत नसेल, तर ग्राहक आता कोणत्या प्रणालीवर आहे ते त्याला विचारा. मायक्रोसॉफ्टची क्लाउडवरची स्काइप फॉर बिझनेस ऑनलाइन ही सेवा ३१ जुलै २०२१ रोजी बंद झाली आणि तिथले लोक मायक्रोसॉफ्ट टीम्सवर गेले. ग्राहक टीम्सवर असेल, तर त्याचा एसआरव्ही ‘सिपफेड.ऑनलाइन.लिंक.कॉम’कडे जातो आणि तुमच्याकडे त्या नावाकडे जाणारा होस्टिंग प्रोव्हायडर (बाहेरच्या क्लाउड सेवेची नोंद) नोंदलेला व चालू असावा लागतो. एजवर टीएलएस १.२ (सुरक्षित जोडणीची पद्धत) चालू आहे ना, तेही पाहून घ्या.

सर्टिफिकेटविषयी एकच गोष्ट सांगतो, कारण बाकीचे तुमचे बरोबर आहे. एजच्या ‘ट्रस्टेड रूट’ (विश्वासार्ह मूळ सर्टिफिकेटांच्या) कप्प्यात मधल्या पायरीचे सर्टिफिकेट चुकून टाकले गेले असेल, तर टीएलएसची ओळखपरेड अशा विचित्र रीतीने फसते की इव्हेंट व्ह्यूअरमधला संदेश वाचून काही उमजत नाही. ज्याने दिले आणि ज्याला दिले ती दोन्ही नावे एकच असलेली सर्टिफिकेटच त्या कप्प्यात असावीत; वेगळी नावे असतील ती मधल्या कप्प्यात हलवा. शिवाय सार्वजनिक सर्टिफिकेटची कमाल मुदत सप्टेंबर २०२० पासून ३९८ दिवसांवर आली होती, १५ मार्च २०२६ पासून ती २०० दिवस आहे आणि २०२९ पर्यंत ४७ दिवसांवर येणार आहे. तेव्हा नूतनीकरणाची तारीख डोक्यात ठेवण्यापेक्षा भिंतीवर लिहा.

यंत्राच्या प्रकृतीबद्दलही एक शब्द. टॉवेलच्या कारखान्यात सुताची तूस हवेत सतत तरंगत असते आणि ती सर्व्हरच्या पंख्यांवर नमद्यासारखी जमते. एप्रिल-मेमध्ये सोलापूरचे तापमान बेचाळीसच्या पुढे जाते, त्यात पंखा अडला की मशीन दुपारी तीनच्या सुमारास स्वतःहून बंद पडते. एजचे रॅक लूमच्या शेडला लागून असेल, तर ते हलवा; नाहीच हलवता आले, तर दर महिन्याला ब्लोअर फिरवा.

स्काइप फॉर बिझनेस सर्व्हर २०१९ ची अधिकृत मदत १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपलेली आहे. इंटरनेटला तोंड देऊन उभ्या असलेल्या मशीनला सुरक्षा सुधारणा मिळत नसतील, तर ते फार काळ तसे ठेवणे मला योग्य वाटत नाही. सबस्क्रिप्शन एडिशनकडे (याच सर्व्हरच्या वर्गणीवरच्या पुढच्या आवृत्तीकडे) जायचे की टीम्सकडे, हा मालकांचा खर्चाचा निर्णय आहे, पण तो त्यांच्यापुढे याच महिन्यात ठेवा. वर सांगितलेली पत्त्यांची आणि रूटची तपासणी सबस्क्रिप्शन एडिशनवरही तशीच लागू पडेल.

दुरुस्तीनंतर तीन कॉल करून पाहा आणि ते याच क्रमाने करा. पहिला, गेटबाहेरच्या हॉटस्पॉटवरून कारखान्याच्या ऑफिसमधल्या माणसाला. दुसरा, बाहेरच्या दोन प्रतिनिधींमध्ये, दोघेही वेगवेगळ्या मोबाइल कंपन्यांच्या डेटावर असताना. तिसरा, फ्रंट एंडपासून सर्वांत दूरच्या शेडमधून बाहेर. पहिले दोन चालले आणि तिसरा मुका राहिला, तर फायरवॉलवाल्याला फोन करण्याआधी एजवर जाऊन ‘रूट प्रिंट’ लिहा आणि त्या शेडचा सबनेट यादीत आहे का ते पाहा.